थंडीसाठी चिमूटभर

आमच्याकडच्या उन्हाळ्याला फार मान आहे. चंद्रपूरचं तापमान पेपरात पहिल्या पानावर येतं आणि माणसं घाम पुसत ते अशा तोऱ्यात वाचतात, की तो आकडा जणू त्यांनीच मेहनत करून वाढवला. एखाद्या वर्षी दुसऱ्या कुठल्या गावानं अर्ध्या अंशानं मागे टाकलं, तर टपरीवर सुतक असतं. थंडीच्या वाट्याला असलं कौतुक नाही. ती बोरांच्या टोपल्या आणि उकडलेले शिंगाडे घेऊन येते आणि मुकाट्यानं कामाला लागते. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं होतं. सकाळी वैनगंगेवरून धुकं चढतं, आणि चामोर्शीच्या रस्त्याकडेला म्हातारी माणसं धानाचं तणस पेटवून त्याभोवती बसतात. जळत्या तणसाचा तो वास आला, की मला अजूनही पाठोपाठ पेट्रोलचा वास येईल असं वाटतं. येत नाही.

यंदाच्या पहिल्या गारठ्यात मी नवी गाडी सुरू केली. नवी म्हणजे दोन वर्षांची. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर बहिणीनं आग्रह करून घ्यायला लावलेली. बटण दाबलं आणि ती चालू झाली. खोकली नाही, कुरकुरली नाही, दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही. मला किंचित अपमान झाल्यासारखं वाटलं. ती देताना शोरूममधल्या माणसानं सांगितलंच होतं, "मॅडम, हवा थंड आहे का गरम, ते ही स्वतःच पाहते आणि तेवढंच पेट्रोल घेते. तुम्हाला काही करायचं नाही." हल्ली हे वाक्य पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं आणि सांगणारे ते आनंदाची बातमी असल्यासारखं सांगतात. आमच्या घरी एवढ्याच कामाला दोन माणसं लागायची. एक बॉनेटच्या त्या बाजूला, एक ह्या बाजूला.

त्या बाजूला सुखदेव असे. सुखदेव माझा नवरा. लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणत असे. इथे नावानं लिहिते आहे आणि त्यावर हरकत घ्यायला तो आता नाही. चार हिवाळे झाले. घराला लागूनच त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे सागाचे चार खांब, वर पत्रे आणि पुढे अंगण. त्याआधी तरुणपणाची सगळी वर्षं त्यानं एका आरागिरणीत, लाकूड चिरणाऱ्या पात्याशेजारी उभं राहून काढली होती. मास्तरणीनं मेकॅनिकशी लग्न केलं ह्याचं गावाला नवल होतं. सुखदेवला नवल होतं ते मी चारशे पानांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचते ह्याचं. "शेवटी का होते ते आधी पाहून घेत जा ना," तो म्हणे. "मग वाचा लागते का नाई, ते ठरवाव."

तेव्हाच्या पेट्रोल गाड्यांना कार्बोरेटर असे. पेट्रोल आणि हवा एकत्र कालवून इंजिनाला भरवणारी ती मुठीएवढी वस्तू. थंडीत पेट्रोल आळसावतं, हवेत नीट मिसळत नाही; मग गाडी सकाळी खोकत बसते. त्यावर उपाय म्हणजे कार्बोरेटरचा एक लहानसा स्क्रू जरासा उघडायचा, पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आवळायचा. तुळशीचं लग्न आटोपलं की ह्या कामासाठी आमच्या अंगणात गाड्या लागत. डॉक्टरांची, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची, नाटक कंपन्यांच्या व्हॅन. 'गाडी थंडीवर लावणं' असं त्याला नाव होतं आणि ते काम सुखदेवच्या कानाइतकं चांगलं कोणाचाच कान करत नाही, अशी अहेरीपर्यंत समजूत होती.

तो ते करी पण थाटात. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. भोवतालची माणसं बोलणं थांबवीत. आरतीनंतरच्या देवळातसुद्धा इतकी शांतता नसते. मला असल्या समाधीचा पहिल्यापासून संशय. तो खरा निघाला एका सकाळी, कुकरमुळे. मी अंगणात पेपर वाचत होते आणि सुखदेव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहा पीत होता. तीन शिट्या झाल्या, चार झाल्या.

"अहो, गॅस बंद करा ना," मी ओरडले.

"शिटी होऊ दे ना आधी," तो म्हणाला.

मी आत जाऊन गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसले. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"जाड आवाज येते मले," तो म्हणाला. "बारीक नाई येत."

"कधीपासून?"

"गिरणीपासून. दरसाल जरासाक कमी होते."

"मग गाड्या कशा लावता?"

"हाताले समजते थोडंसं. पण थंडीचं काम बारीक आवाजाचं आहे. औंदा नाई जमून राह्यलं." मग हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नको, मास्तरीण. लोकं कानासाठी येतात."

आणि दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत बसू लागले. लोकांना सांगायचं कारण असं, की रेस द्यायला कोणीतरी लागतं. माझी शाळा अकराची. आठ ते दहा मी स्टिअरिंगमागे असे.

बॉनेट उघडलं की गाडीतल्या माणसाला समोर नुसता पत्रा दिसतो. पण काचेच्या खालच्या कडेशी, जिथं ते बिजागरीवर उभं राहतं, तिथं चार बोटांची फट उरते. त्या फटीतून मला सुखदेवचे हात दिसत आणि तो वाकला की एक डोळा. त्याला माझा स्टिअरिंगवरचा हात दिसे. तो स्क्रू उघडत जाई, इंजिनाची खरखर कमी होत जाई आणि एका जागी आवाज एकदम गुळगुळीत होई. वर्ग कधीकधी कोणी न दटावता आपोआप शांत होतो, तसा. तिथं मी पहिलं बोट उचलायचं. बस, एवढंच काम.

आमच्या संसारात एकमेकांकडे बघत बसायची पद्धत नव्हती. जेवताना तो ताटात बघे, मी पुस्तकात. पण त्या एका हिवाळ्यात रोज दोन तास आम्ही चार बोटांच्या फटीतून एकमेकांवर नजर ठेवून होतो. त्याची नखं मी तेव्हा पाठ केली. डाव्या अंगठ्याचं नख अर्धं होतं, तेही गिरणीतलंच. पत्र्यांवरून दव टपकत असे, पायाशी सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडत, आणि इंजिन तापू लागलं की त्याची ऊब आधी पायांना लागे, मग गुडघ्यांना. स्वेटरला, वेणीला, शाळेतल्या खडूलासुद्धा पेट्रोलचा वास येई. हेडमास्तरांनी एकदा तक्रार केली. मी त्यांना म्हटलं, सर, काडी ओढू नका म्हणजे झालं.

एकच गोष्ट मला खुपत असे. मी बोट उचललं की सुखदेव थांबायचा आणि मग पेचकस पुन्हा लावून स्क्रू आणखी जरासा उघडायचा. मिठाची चिमूट टाकावी, तेवढाच. इतका छान बसलेला आवाज त्यानं पुन्हा किंचित खरखरीत होई.

"मी बोट वर केल्यावर काऊन फिरवलं? माझ्यावर विश्वास नाई का?"

"थंडी आहे," तो म्हणे.

सुखदेवची उत्तरं अशीच असत, मागेपुढे काही नसलेली. मी त्याचा अर्थ माझ्या परीनं लावला. शेवटचा हात आपला फिरला पाहिजे, हा पुरुषांचा जुना आजार आहे आणि पुस्तकांतून मी त्याची बरीच उदाहरणं वाचली होती.

त्याच हिवाळ्यात पत्रूजी आले. पत्रूजी एका नाटक कंपनीचे मालक. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे गावाचा वर्षातला एकच सण, लेकी-जावई गावी येतात आणि त्या दिवशी नाटक हवंच. तेव्हा कंपनीची व्हॅन रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला पळते. पत्रूजींच्या व्हॅनवर 'भव्य', 'दिव्य' आणि 'हृदयद्रावक' हे शब्द नाटकाच्या नावापेक्षा मोठे रंगवले होते. ते आले तेच हार घेऊन. हार बॉनेटवर चढवला, नारळ फोडला आणि गॅरेजच्या अंगणात उभ्या असलेल्या सात-आठ माणसांपुढे भाषण सुरू केलं. कलेची सेवा, रसिक मायबाप, आणि शेवटी सुखदेवभाऊंचा कान. असा कान ह्या मुलखात दुसरा नाही. भाषण संपेपर्यंत तापत ठेवलेलं इंजिन थंड झालं आणि हाराच्या पाकळ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी जाऊन बसल्या. सुखदेवनं त्या एकेक करून वेचल्या.

तो कान स्टिअरिंगमागे बसून हे ऐकत होता. मी भाषणांना हसणारी बाई. पण आपल्याबद्दलचं भाषण दुसऱ्याच्या नावावर जाताना ऐकलं, की माणूस तितकासा विनोदी राहत नाही. मी ठरवलं, आज गाडी माझ्या कानानं लागेल. माझ्याच, चिमूट वगळून. तो नेहमी किती जास्त फिरवतो, हे इतक्या दिवसांत बघून मला बरोबर ठाऊक झालं होतं. म्हणून मी बोट उचललं ते जराशी खरखर बाकी असतानाच. त्यानं सवयीनं चिमूटभर उघडलं आणि आवाज नेमका त्या गुळगुळीत जागी येऊन बसला.

"बाप्पा," पत्रूजी म्हणाले, "इंजिन चालू आहे का बंद, हेच समजून नाई राह्यलं." त्यांनी आपल्या खांद्यावरची सत्काराची शाल काढून सुखदेवच्या खांद्यावर घातली. सुखदेवनं मान थोडी कलती केली, इंजिनावर हात ठेवला, काहीतरी विचारल्यासारखं फटीतून माझ्याकडे पाहिलं. मी बोट पुन्हा एकदा, ठामपणे, वर केलं.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला ती व्हॅन अंगणात आली. इंजिनाचा आवाज नव्हता. घुंगरांचा होता. पुढे बैलजोडी, मध्ये दोर आणि मागे भव्य, दिव्य आणि हृदयद्रावक. पत्रूजी पायी चालत होते.

झालं होतं ते असं. घोटच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात मुक्काम होता. सकाळी धुक्यात गाडी चोक ओढून, म्हणजे तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल देऊन, चालू होई आणि चोक आत ढकलला की मरे. दहादा, वीसदा. मग बॅटरी उतरली. दुसऱ्या गावच्या मंडईला कंपनी पोचलीच नाही. मांडव सजलेला, लेकी-जावई येऊन बसलेले आणि पडदा उघडला नाही. पत्रूजींना आदल्या दिवशी सायकलनं त्या गावी जाऊन हात जोडावे लागले होते. आज त्यांना भाषण सुचत नव्हतं आणि त्यामुळे ते पहिल्यांदाच खरे वाटत होते.

"सुखदेवभाऊ," ते म्हणाले, "त्या गावची मंडई पुन्हा सालभरानं येईन. आमच्यातले लोकं म्हणून राह्यले, तुमचा कान गेला म्हणते. मी नाई म्हटलं त्याईले. पण मले तुम्ही सांगा."

अंगणात नेहमीची माणसं होती. डॉक्टर होते, ठेकेदाराचा ड्रायव्हर होता. मी ओसरीच्या पायरीवर, शाळेला निघालेली, खांद्याला पिशवी.

सुखदेव पुढे झाला. बॉनेट उघडलं, पेचकस लावला आणि स्क्रू आवळत गेला. ओठ हलत होते. तो आटे, म्हणजे स्क्रूचे फेरे, मोजत होता. स्क्रू पूर्ण आवळला गेला तेव्हा तो थांबला. "अडीच असा लागते," तो स्वतःशीच म्हणाला. "सव्वादोन भरले." पाव आटा. रोजची चिमूट. ती कुठून कमी झाली, हे समजायला त्याला कानाची गरज नव्हती. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या मुलीनं कॉपी केली, की मी जसं बघत असे तसं. राग कमी, नवल जास्त.

मी तोंड उघडलं होतं. हे मी लिहिते आहे कारण त्याची खातरी फक्त मलाच आहे. पण तो आधी बोलला.

"बरोबर आहे त्याईचं," तो पत्रूजींना म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कान गेला माह्या. बारीक आवाज येत नाई मले."

एका बैलानं मान हलवली आणि घुंगरं वाजली, तेवढंच. त्यानं खुंटीवरची शाल आणून पत्रूजींपुढे धरली. पत्रूजींनी ती घेतली नाही. ते म्हणाले, "राहू द्या, भाऊ. थंडी आहे." इतक्या साध्या आवाजात, की मला त्यांच्याबद्दलचं माझं मत थोडं बदलावं लागलं.

त्या हिवाळ्यात मग नाटकाची एकही व्हॅन आली नाही. डॉक्टर येत राहिले, पण डॉक्टर भीडेनं येत होते. पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या आणि कार्बोरेटर तसाही संपलाच. तेव्हा काळानं जे करायचं ठरवलंच होतं ते मी थोडं लवकर केलं, इतकंच, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. समजावण्याचं काम मला चांगलं येतं. छत्तीस वर्षं मी ते पगार घेऊन केलं.

त्या संध्याकाळी सुखदेव पोपटीच्या शेंगा सोलत बसला होता. मी चुलीशी होते. तो वर न बघता म्हणाला, "बोट आपल्या कानानं उचलत जा, मास्तरीण. माह्या हाताचा अंदाज घेऊन नाई."

"बरं," मी म्हटलं.

म्हणायचं होतं दुसरं. शाळेत रोज निदान दहा मुलांकडून मी 'चुकलं' म्हणवून घेत असे. शब्द ठाऊक नव्हता असं नाही. तो उद्या म्हणू, म्हणून राहिला. नंतर तो मोठ्यानं म्हणावा लागला असता, कारण सुखदेवला जाड आवाजही कमी येऊ लागले. आणि हा शब्द ओरडून म्हणायचा नसतो, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

आमची स्वतःची जुनी पांढरी गाडी मात्र तो दरवर्षी थंडीवर लावत राहिला. मी आत, तो बाहेर. बोट, चिमूट. आणि रोज संध्याकाळी तो तिच्या बॉनेटवर ती सत्काराची शाल घाली.

तीच गाडी यंदा द्यायची होती. कागदांची मुदत संपली, पत्र्याला भोकं पडली. गावाबाहेरच्या भंगारवाल्यानं सोमवारी सकाळी यायचं ठरवलं. "दोर घेऊन येतो, बाई," तो फोनवर म्हणाला. "ओढून नेतो." दोर म्हटल्यावर मला घुंगरं ऐकू आली. मी म्हटलं, दोर नको. गाडी चालत येईल.

ती दोन वर्षं चालू झाली नव्हती. मी शेजारच्या शोभाच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, कार्बोरेटर उतरवून पेट्रोलमध्ये धुतला, सुखदेवच्या हाताखाली न राहता जे शिकले होते ते सगळं केलं. रविवारी सकाळी ऊन तापल्यावर बऱ्याच खोकल्यानंतर ती चालू झाली. शोभाला मी आत बसवलं.

"मले का समजते वो बाई इंजिनातलं?"

"काही नाही समजावं लागत. आवाज चांगला झाला की बोट वर कर."

"चांगला म्हंजे कसा?"

"तुला कळेल."

मी बॉनेटमागे गेले. त्या बाजूनं मी आयुष्यात पहिल्यांदाच उभी होते. फटीतून शोभाचा हात दिसला, हिरव्या बांगड्या, स्टिअरिंगवर घट्ट. मी स्क्रू उघडत गेले. खरखर उतरली, आवाज गुळगुळीत झाला आणि तिचं बोट वर गेलं, मला वाटलं तिथंच. बाईचा कान चांगला होता. ऊन पाठीवर होतं. इंजिन तापलेलं होतं. उद्या सकाळी धुकं असेल, ऊन नसेल, आणि आता जे गोड वाटतं आहे ते तेव्हा इंजिनाचं पोट भरायला पुरणार नाही. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा हात आधीच फिरला होता, चिमूटभर. आवाज जरासा बिघडला.

"काऊन फिरवलं वो बाई?" शोभा आतून म्हणाली. "मी बोट केलं होतं ना वर. माह्यावर भरवसा नाई का?"

मी पेचकस हातात धरून उभी राहिले.

"थंडी आहे," मी म्हटलं.

सोमवारी धुकं इतकं होतं की अंगणातून रस्ता दिसत नव्हता. मी बॉनेटवरची शाल काढली, ती दवानं जड झाली होती. चोक ओढला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली आणि दुसऱ्या वेळेला लागली. चोक मी हळूहळू आत ढकलला. ती मेली नाही. तणसाचा धूर, पेट्रोलचा वास, पायांना लागणारी ऊब, सगळं एका रांगेत आलं. मी लाखोळीच्या बांध्यांमधून, पिवळे दिवे लावून, सावकाश गावाबाहेर गेले.

भंगारवाला शेकोटीशी बसला होता. दोर त्याच्या खांद्यावर होता. तो त्यानं उतरवून ठेवला आणि हातानंच जागा दाखवली. मी गाडी तिथं लावली. बंद करायच्या आधी ऐकलं. इंजिन आता तापलं होतं आणि आवाज गुळगुळीत नव्हता. त्यात जराशी खरखर होती, पाव आट्याची.

"चुकलं माझं," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. काचा वर होत्या, इंजिन चालू होतं. मग किल्ली फिरवली.